विश्लेषण : बर्फावरच्या महिला हॉकीपटूंना पगार मिळायला इतकी वर्षे का लागली?

ऑलिम्पिक पदक गळ्यात, तरी घरभाड्यासाठी दुसरी नोकरी. अमेरिका-कॅनडातील महिला आइस हॉकीपटूंची ही अवस्था २०२४ मध्ये बदलू लागली. ती कशी बदलली, आणि लडाखपासून मेळघाटापर्यंतच्या मुलींसाठी त्यात काय आहे?

धारणीत बर्फ भेटतो तो उन्हाळ्यात, रसवंतीवर नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. त्यावर हॉकी खेळता येते हे इथल्या बहुतेकांनी मोबाइलवरच पाहिले असणार. पण आश्रमशाळेच्या मैदानावर कबड्डी, खो-खो, धावणे यात चमकणाऱ्या मुलीला दहावी-बारावीनंतर घरून जो प्रश्न येतो, तो बोस्टन किंवा टोरांटोतल्या मुलीलाही अगदी आतापर्यंत येत होता : खेळून पोट भरते का? महिला आइस हॉकीचा गेल्या दीड-दोन दशकांचा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

व्यावसायिक खेळाडू म्हणजे नेमके काय?

आइस हॉकीत प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात. चेंडूऐवजी ‘पक’ नावाची रबरी चकती असते आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका, की खेळाडू पाऊण-एक मिनिटात दमून बाहेर येते आणि दुसरी आत जाते. वेगाचे उदाहरण द्यायचे तर अमेरिकेच्या केंडल कॉइन स्कोफिल्डचे. २०१९ मध्ये एनएचएल या पुरुषांच्या लीगच्या ऑल-स्टार कार्यक्रमात तिने मैदानाची फेरी १४.३४६ सेकंदांत पूर्ण केली. पुरुषांच्या त्या स्पर्धेत उतरलेली ती पहिली महिला होती.

दर्जा होता, प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. नव्हता तो पगार. ‘प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग’ (पीडब्ल्यूएचएल) १ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने आधीच सामूहिक करार करून घेतला होता. त्यानुसार पहिल्या मोसमात किमान वेतन वर्षाला ३५ हजार डॉलर, संघातील सरासरी ५५ हजार डॉलर आणि प्रत्येक संघातील निदान सहा जणींना ८० हजार किंवा त्याहून अधिक, तेही तीन वर्षांच्या कराराने. शिवाय आरोग्य विमा, घरभाड्याला हातभार आणि प्रसूतीकाळातील संरक्षण.

३५ हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २९ लाख रुपये. आपल्याकडे हा आकडा मोठा वाटतो, पण बोस्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये तो जेमतेम संसाराचा आहे. त्याच वर्षी एनएचएलमधील पुरुष खेळाडूचे किमान वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर होते, म्हणजे बावीस पट.

तरीही फरक पडला तो पडलाच. कॉइन स्कोफिल्डने जुलै २०२३ मध्ये मुलाला जन्म दिला, त्यानंतर ती मिनेसोटा संघाची कर्णधार झाली आणि पहिल्याच मोसमात तिच्या संघाने वॉल्टर चषक जिंकला. आई होणे म्हणजे निवृत्ती, हे गणित मोडायला खेळाडूची जिद्द लागते हे खरे. पण करारातले कलमही लागते.

इतका उशीर का झाला?

महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये ओटावात झाली. लक्ष वेधून घ्यायचे म्हणून तिथे यजमान कॅनडाच्या संघाला गुलाबी जर्सी देण्यात आली होती. खेळाकडे पाहण्याची दृष्टी त्यावरून कळते. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकपासून महिला आइस हॉकीचा समावेश झाला आणि पहिले सुवर्ण अमेरिकेने नेले. म्हणजे देशासाठी खेळायला मंच होता. पण ऑलिम्पिक चार वर्षांनी येते आणि घरभाडे दर महिन्याला.

रोजच्या खेळासाठी ज्यांना लीग हवी होती, त्यांनी मिळेल तो मार्ग धरला. कॅनडाची मनों रेओम १९९२ मध्ये टॅम्पा बे या एनएचएल संघाच्या सराव सामन्यात गोलरक्षक म्हणून उतरली. हेली विकेनहायझर २००३ मध्ये फिनलंडला जाऊन पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळली आणि तिथे तिने गोलही केला. (ती पुढे डॉक्टर झाली.) असे अपवाद बातमी होतात, व्यवसाय होत नाहीत.

कॅनडात २००७ मध्ये ‘सीडब्ल्यूएचएल’ ही महिलांची लीग निघाली. तिच्यात ऑलिम्पिक विजेत्या खेळत होत्या, मात्र पहिली दहा वर्षे पगारच नव्हता. दिवसा शिकवणे किंवा कार्यालयातली नोकरी, रात्री उशिरा सराव, शनिवार-रविवारी सामने असा दिनक्रम. २०१७ पासून हंगामाला २ हजार ते १० हजार कॅनेडियन डॉलरचे मानधन सुरू झाले आणि २०१९ मध्ये लीगच बंद पडली.

अमेरिकेत २०१५ मध्ये ‘एनडब्ल्यूएचएल’ने प्रथमच पगार जाहीर केला : किमान १० हजार डॉलर. दुसऱ्याच मोसमात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पैसे कमी पडले म्हणून तो निम्म्यापर्यंत कापला गेला. घरभाड्याचा करार करून शहर बदललेल्या मुलींना हे मोसम सुरू असताना कळले.

या सगळ्यात दोष प्रेक्षकांचा दाखवला गेला. महिलांचा खेळ कोण बघणार, हे ठरलेले वाक्य. पण रात्री उशिराचा सामना, लहान मैदान, प्रक्षेपण नाही, जाहिरात नाही, अशा स्थितीत प्रेक्षक येणार तरी कुठून? मोठे मैदान दिल्यावर काय होते ते २० एप्रिल २०२४ रोजी दिसले. माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये माँट्रियल विरुद्ध टोरांटो सामन्याला २१ हजार १०५ प्रेक्षक आले. महिला आइस हॉकीच्या सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती.

चित्र कशामुळे बदलले?

दोन बहिष्कारांमुळे.

पहिला २०१७ मधला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातील खेळाडूंना महासंघाकडून चार वर्षांत फक्त सहा महिने, ऑलिम्पिकच्या तोंडावर, दरमहा एक हजार डॉलर मिळत. कर्णधार मेगन डगन हिच्या संघाने जाहीर केले, की सुधारणा झाली नाही तर मायदेशात होणाऱ्या जागतिक स्पर्धेत उतरणार नाही. महासंघाने पर्यायी खेळाडू शोधायला सुरुवात केली. महाविद्यालयीन मुलींना विचारले, शाळकरी मुलींनाही विचारले. देशाची जर्सी घालण्याची संधी दाराशी आली होती, पण एकामागून एक नकार येत गेले. स्पर्धा तीन दिवसांवर असताना महासंघाने तडजोड केली. त्यानंतर त्याच संघाने कॅनडाला अतिरिक्त वेळेत हरवून सुवर्णपदक जिंकले. निर्णायक गोल हिलरी नाइटचा होता.

दुसरा मे २०१९ मधला आणि अधिक अवघड. कॅनडातील लीग बंद पडताच दोनशेहून अधिक खेळाडूंनी जाहीर केले, की टिकाऊ वेतन आणि विमा देणारी लीग येईपर्यंत उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये खेळणार नाही. त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि प्रदर्शनीय सामने खेळत वाट पाहिली. चार वर्षे गेली. खेळाडूच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे तिशीकडे झुकणाऱ्या कित्येकींसाठी उरलेली सगळी कारकीर्द. ज्यांच्या हट्टामुळे करार झाला, त्यातल्या काहींना त्याचा एकही पगार मिळाला नाही.

जून २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक मार्क वॉल्टर आणि माजी टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने जुनी प्रतिस्पर्धी लीग विकत घेऊन बंद करण्यात आली आणि नवीन लीगचा रस्ता मोकळा झाला. या बातमीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. त्या जुन्या लीगमध्ये ज्यांनी नव्या मोसमासाठी करार केले होते, त्यांचे करार एका रात्रीत रद्द झाले. नव्या लीगमध्ये सुरुवातीला सहाच संघ होते. सगळ्यांना जागा मिळणे शक्यच नव्हते.

आता कारकीर्द सुरक्षित आहे का?

पूर्वीपेक्षा नक्कीच. मात्र सगळे संघ एकाच मालकाचे आहेत. तोटा सोसण्याची ताकद त्याच्याकडे आहे, तोवर पगार वेळेवर होतील. त्याने हात आखडला तर सगळे संघ एकदम अडचणीत येतील. सामूहिक करार मात्र ३१ जुलै २०३१ पर्यंतचा आहे, हा मोठा आधार.

२०२५-२६ मोसमात सिएटल आणि व्हँकुव्हर हे दोन संघ वाढले. त्यामुळे जागा वाढल्या, पण खेळाडूंची उचलबांगडीही झाली. जुन्या संघांना मोजक्याच खेळाडू राखून ठेवता आल्या, बाकीच्या नव्या संघांसाठी खुल्या झाल्या. हिलरी नाइटसारखी दिग्गजही बोस्टन सोडून सिएटलला गेली. पगारी खेळाडू होण्याचा अर्थ बदलीची नोकरी असाही होतो.

भारतात कोण खेळते?

मुख्यतः लडाख आणि हिमाचलातील स्पितीच्या मुली. थंडीत तळी गोठली की दोन-तीन महिने खेळायचे, उरलेले वर्ष व्यायाम आणि वाट पाहणे. भारतीय महिला संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१६ मध्ये खेळला. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला. त्या दौऱ्यासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली होती. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात संघाने कांस्यपदक पटकावले.

या मुलींपैकी कोणाला अमेरिकेतील लीगमध्ये जागा मिळेल, असे आज म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी व्यवसायाचा अर्थ वेगळा आहे : क्रीडा कोट्यातून भारत-तिबेट सीमा पोलिस दलात, म्हणजे आयटीबीपीत भरती. या दलाचा स्वतःचा महिला आइस हॉकी संघ आहे. लीग नाही तिथे वर्दी पगार देते. भारतातील बहुतेक खेळांचे हेच सूत्र राहिले आहे. कबड्डीत आणि खो-खोत रेल्वेची नोकरी, ॲथलेटिक्समध्ये पोलिस दल. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना असलेले ५ टक्के समांतर आरक्षण हा त्याच वाटेचा भाग.

मग वऱ्हाडातील मुलींचे काय?

लीग काय करू शकते याचे उदाहरण अमरावतीतच आहे. भारती फुलमाळी मार्च २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताकडून दोन टी-२० सामने खेळली आणि संघाबाहेर गेली. पूर्वी अशा खेळाडूचे नाव तिथेच संपायचे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग आली. गुजरात जायंट्सकडून खेळताना मार्च २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा ठोकल्या आणि सहा वर्षांनी तिचे नाव पुन्हा देशभर घेतले गेले. अमरावतीचीच दिशा कासट पहिल्या लिलावात बंगळुरूच्या संघात गेली. हॉकीतही तसेच. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत ओडिशा वॉरियर्सने २-१ असा जिंकला. दोन्ही गोल सातारा जिल्ह्यातील ऋतुजा पिसाळचे होते.

पण धारणी, चिखलदरा भागातील मुली खेळतात ते क्रिकेट नव्हे. आश्रमशाळांच्या प्रकल्प, विभाग आणि राज्यस्तरीय स्पर्धांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणे यांनाच जोर असतो. तिथून पुढची पायरी अमरावतीला, म्हणजे घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर. शंभरहून अधिक वर्षांची हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था तिथे आहे, पण ज्या खेळात या मुली तयार होतात त्यात लीगचा पगार नाही.

प्रयत्न झालाच नाही असे नाही. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जोडीला महिलांसाठी ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झाली. फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स असे तीनच संघ होते; हैदराबादेत ३१ जुलैला स्टॉर्म क्वीन्स जिंकल्या. दुसरा मोसम झालाच नाही. पुरुषांची प्रो कबड्डी मात्र सुरूच राहिली.