एका घरात दोन चुली

घरात दोन चुली पेटल्या की घर फुटले असे आपण म्हणतो. संगणकाचे मात्र उलटे आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'ची नेहमीची देखभाल थांबवली. 'विंडोज ११' अनेक जुन्या यंत्रांवर नीट बसत नाही. मग धाराशिवच्या मध्यमवर्गीय घराने चालते यंत्र भंगारात घालायचे? बँकेत आम्ही घसारा मांडत असू. पण घसारा पुरा झाला म्हणून खुर्ची कोणी फेकली नाही.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेली 'लिनक्स' फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते. केरळच्या सरकारी शाळांतील मुले तिच्यावरच संगणक शिकतात.

पण म्हणून विंडोज पुसू नका. माझ्या जुन्या कादंबऱ्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो कारभार विंडोजवरचाच. आधी साऱ्या फायलींची नक्कल काढा, मग डिस्कचे दोन भाग करा. यंत्र सुरू होतानाच 'कोणती प्रणाली हवी?' असे विचारते. जुने दप्तर विंडोजमध्ये, इंटरनेट तोडून. रोजचा व्यवहार लिनक्समध्ये.

कंपनीने तारीख ठरवावी. वस्तू कधी टाकायची, हे घरच्यांनी ठरवावे.