आधी टेल, मग हेड!

‘दादा, माऊस मेला!’

मागे एका जुलैत रात्री आठ वाजता माजलगावहून चुलतभावाचा फोन. पीकविम्याचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी, आणि दोन कोरचा जुना पीसी हँग! सातबारा-पासबुकांचे स्कॅन लहान करणारं सॉफ्टवेअर स्लो चालतंय म्हणून पठ्ठ्यानं टास्क मॅनेजर उघडला, राइट क्लिक मारलं आणि प्रायॉरिटी ठेवली थेट ‘रिअलटाइम’.

‘ही आयडिया कुणाची?’

‘तुझीच की. दिवाळीत गेमसाठी करून दाखवलं नव्हतंस?’

आपण गप्प. शेवटी पॉवरचं बटण दाबून पीसी बंद केला. समोर बसलेल्या काकांचा अर्धा भरलेला फॉर्म गेला. परत पहिल्यापासून!

तर मंडळी, माझी चूक तुम्ही करू नका. प्रायॉरिटी वाढवल्यानं मशीन फास्ट होत नाही. प्रोसेसर आहे तेवढाच राहतो. फक्त रांगेत पुढे कोण, ते बदलतं. ही रांग लावणारा सिस्टिममधला पाटकरी म्हणजे शेड्युलर.

पाटकरी म्हटलं की आम्हा बीडवाल्यांना लगेच कळतं. माजलगावचं धरण सिंदफणेवर, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचंही पाणी त्यात येतं. आमचं शेत धरणाच्या कालव्यावर, पार टेलला. पाणी द्यायची सरकारी पद्धत म्हणजे शेजपाळी. कुणाची पाळी कधी, किती वेळ, हे आधीच ठरलेलं. आणि नियम असा की आधी टेल, मग हेड. कारण हेडवाल्यानं आधी दारं उघडलं की टेलला येते ती नुसती ओल. आमच्या आबांनी बॅटरी घेऊन पाटावर अशा कितीतरी रात्री काढल्यात.

आता गंमत बघा. लिनक्समध्ये 2007 साली इंगो मोलनार यांचा ‘कम्प्लीटली फेअर शेड्युलर’ आला. त्याचा हिशोब साधा: ज्याला आतापर्यंत सगळ्यात कमी वेळ मिळाला, त्याचा नंबर आधी. म्हणजे शेजपाळीच की! तिथे प्रायॉरिटीला ‘नाइस’ म्हणतात, उणे 20 ते 19. आकडा जितका मोठा, तितका प्रोग्राम सज्जन, दुसऱ्याला वाट देणारा. 2023 मध्ये 6.6 कर्नलपासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आला. तो हक्काचा वाटा तर बघतोच, शिवाय कुणाचं काम कधीपर्यंत व्हायला हवं, तेही बघतो. मूळ कल्पना 1995 मधली!

विंडोजमध्ये 0 ते 31 अशा पायऱ्या. साधे प्रोग्राम 15 पर्यंत, ‘रिअलटाइम’वाले 16 पासून पुढे. एखादा बिचारा सुमारे चार सेकंद ताटकळला की विंडोज त्याला थोड्या वेळासाठी उचलून 15 वर नेतं. पण समोर 24 वर कुणी ठाण मांडून बसला असेल तर? 15 वर चढूनही हातात ओलच. दोन्ही कोर त्यानंच अडवले, तर माऊस आणि डिस्कची कामंसुद्धा मागे पडतात. भावाच्या दुकानात नेमकं हेच झालं.

मग करायचं काय? उलटा विचार. आपल्या लाडक्या प्रोग्रामला वर चढवू नका. मागे चालणाऱ्या जड कामाला ‘बिलो नॉर्मल’ करा. विंडोज 11 असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘एफिशियन्सी मोड’ आहेच. आणि ‘रिअलटाइम’ला हातच लावू नका. त्या रात्री स्कॅनचं काम ‘बिलो नॉर्मल’ला टाकलं, माऊस पळायला लागला, फॉर्म पुढे सरकले. काकांचाही भरला, पावणेबाराला.

एक मात्र आहे. रॅम भरलेली असेल किंवा हार्ड डिस्कच दमली असेल, तर प्रायॉरिटी बदलून काही होत नाही. तिथे पैसे खर्चून रॅम नाहीतर एसएसडी टाका.

हा सगळा किस्सा आबांना सांगितला. ते एवढंच म्हणाले, ‘धरणातच पाणी नसलं, तर पाळी कुणाची का असंना!’