चार लाखांची दुर्बीण आणि पापडाचा डबा



घरातल्या मुलाला ग्रहताऱ्यांची गोडी लागली की कोणीतरी हमखास म्हणतं, "दुर्बीण एकदाच घ्यायची ना, मग सगळ्यात भारी घ्या. आणि फ्लॅटमध्ये मावेल अशी छोटी घ्या." या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पैशाच्या हिशोबाने तो चुकीचा आहेच, आपल्या धर्माच्या हिशोबाने त्याहून चुकीचा आहे.

छोट्या आणि भारी दुर्बिणींत सगळ्यात नावाजलेली म्हणजे अमेरिकेची क्वेस्टार. 1954 पासून ती विकली जाते. आरसा आणि भिंग अशा बेताने बसवलेले की प्रकाश नळीतल्या नळीत मागेपुढे फिरतो, त्यामुळे लांबलचक दुर्बिणीचं काम हातभर पेटीत मावतं. नळीवर चंद्राचा नकाशा, आवरणावर ताऱ्यांचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या क्वेस्टार आजही चालतात. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. (पूर्वी ती चामड्याच्या पेटीत येत असे. आपल्या घरात ती पेटी दाराबाहेरच राहिली असती, पण तो मुद्दा सोडा.) किंमत पाच हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपले चार लाखांहून जास्त. आयातीचा खर्च वेगळा.

आता हे चार लाख कशाचे? पावसात अंगणात एक तांब्या ठेवा आणि एक परात ठेवा. जास्त पाणी कशात जमेल? तांब्या चांदीचा असला म्हणून त्यात जास्त पाऊस पडत नाही. दुर्बिणीचंही तसंच आहे. ती प्रकाश गोळा करणारं भांडं आहे, आणि महत्त्व तिच्या तोंडाच्या रुंदीला. नेहमीच्या क्वेस्टारचं तोंड 89 मिलिमीटर. साध्या लाकडी बैठकीवरच्या 200 मिलिमीटर आरशाच्या दुर्बिणीत त्याच्या पाचपट प्रकाश जमतो आणि दुपटीहून बारीक तपशील दिसू शकतो. अमेरिकेतच अशी दुर्बीण सहा-सातशे डॉलरच्या आसपास मिळते. म्हणजे क्वेस्टारचा बराचसा पैसा जातो तो छोटेपणाला आणि देखणेपणाला. आकाश त्यात जास्त मिळत नाही.

शनीची कडी बघायला 60-70 मिलिमीटरची साधी दुर्बीण पुरते. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा त्याच्या दुर्बिणीचं भिंग चार सेंटिमीटरचंही नव्हतं. तेच चंद्र आज काही हजारांच्या 10 बाय 50 च्या दुनळीतून दिसतात. फक्त कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवून हात स्थिर ठेवायचे.

हल्ली मोबाइलला जोडायच्या 'स्मार्ट' दुर्बिणी आल्या आहेत. त्यांतल्या महागड्या हजारो डॉलरच्या. त्या स्वतः तारा शोधतात, स्वतः फोटो जोडतात आणि चित्र पडद्यावर दाखवतात. फोटो सुंदर येतात, नाही कोण म्हणतं? पण आपल्याला मुलाचे डोळे पडद्यावरून उचलून वर न्यायचे होते, आणि ही वस्तू वरचं आकाश खाली पडद्यावर आणून ठेवते.

आणि आपलं आकाश तरी कसं आहे? विरार, नालासोपाऱ्याचे टॉवर आणि रस्त्यांचे दिवे मिळून रात्रीचं आभाळ राखाडी करून टाकतात. चार लाखांची दुर्बीण हा उजेड विझवत नाही. अंधार हवा असेल तर जव्हारच्या बाजूला जावं लागतं. तिथे जाण्याचा खर्च दुर्बिणीपुढे किरकोळ आहे.

त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर आकाश दिसत नाही आणि दमटपणा कपाटात शिरतो. पापडाच्या डब्यावर बुरशी धरू नये म्हणून आपण किती जपतो! बुरशी म्हणजे अनंतकाय. ती धरू देणं हीच हयगय, आणि धरल्यावर पुसणं ही हिंसा. भिंगावरही अशीच बुरशी धरते, आणि ती सगळ्यात लवकर धरते बंद, अंधाऱ्या, न हलवलेल्या पेटीत. स्वस्त दुर्बिणीलाही धरते, मान्य. पण स्वस्त वस्तू आपण वापरतो आणि महाग वस्तू आपण जपतो, हा फरक प्रत्येक घरातल्या शोकेसने सिद्ध केलेला आहे. "मुलांनो, हात लावू नका," असं ज्या वस्तूबद्दल सांगावं लागतं, ती मुलांसाठी घेतलेलीच नसते.

परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा, हे आपण पाठशाळेत शिकलो. परिग्रह-परिमाणाचं व्रत घेताना आपण सोनं मोजतो, घरं मोजतो. मग छंदाच्या नावाखाली आलेली चार लाखांची पेटी त्या मोजणीतून का सुटावी? ज्ञानाचं साधन आहे म्हणून? ज्ञानाला आड कोणीच येत नाही. सूर्यप्रज्ञप्ती आणि चंद्रप्रज्ञप्ती आपल्याच आगमांत आहेत. आकाशाकडे बघणं आपल्याला परकं नाही. प्रश्न एवढाच, की बघायचं आहे की बाळगायचं आहे?

समोरच्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. वन बीएचकेमध्ये 200 मिलिमीटरची दुर्बीण ठेवली तर वॉशिंग मशीनएवढी जागा जाते. लोकलने न्यायची म्हटली तर छोटी पेटीच बरी. पण यावर मोठा खर्च हा एकच उपाय आहे का? जी वस्तू एका घरात मावत नाही, ती चाळीस घरांनी मिळून घ्यावी. गच्चीजवळची सोसायटीची खोली, पाठशाळेचं कपाट, कुठेही चालेल.

जॉन डॉब्सन यांचं उदाहरण घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात ते 1944 ते 1967 साधू होते. हाती पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा केला, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची बैठक केली. या नादापायी मठ सुटला, तर ते फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले. आज जगभरच्या साध्या लाकडी बैठकीच्या दुर्बिणींना त्यांचंच नाव आहे. सांगा, अपरिग्रहाच्या जवळ कोण, हे साधू की आपली शोकेस?

आपल्याकडेही वाटा आहेत. पुण्याच्या आयुकात विद्यार्थी-शिक्षकांना हाताने आरसा घासून दुर्बीण बनवायला शिकवलं गेलं आहे. 1944 ची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यातच आहे. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. आधी मुलाला अशा ठिकाणी न्या. पहाटे चारलाही तो उत्साहाने रांगेत उभा राहिला, तर आवड खरी.

आपल्या घरांना तर एक सोय आयतीच आहे. चौविहार असला की सूर्यास्ताआधी जेवण उरकतं, रात्र मोकळी. आकाश बघायला दिवा लागत नाही, उलट विझवावा लागतो, म्हणजे दिव्यावर झेपावणारे जीवही वाचतात. पाऊस सरला की एक दुनळी घ्या, आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या दुर्बिणीचा विषय काढा. रांगेत आपल्या मुलाबरोबर वॉचमनचा मुलगाही उभा असू दे. त्याला पहिल्यांदा शनीची कडी दिसेल तेव्हा जी अनुमोदना घडेल, ती चार लाखांच्या कुलूपबंद पेटीत मिळायची नाही.

जय जिनेंद्र.