बडनेऱ्याहून राष्ट्रीय स्पर्धेला : मुलींच्या बास्केटबॉलचे कोर्ट कोणाला मिळते?

आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मोसम सुरू झाला की बडनेरा जंक्शनच्या फलाटावर विद्यापीठाच्या ट्रॅकसूटमधल्या मुली दिसू लागतात. संघ रवाना झाल्याची बातमी फोटोसह छापून येते, जिंकून आल्या तर सत्कार होतो आणि विषय संपतो. आम्हाला बोलायचे आहे ते त्या फोटोपर्यंत पोहोचूच न शकलेल्या मुलींबद्दल.

आधी वाट समजून घेऊ. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. महाविद्यालयांचे संघ आपसात खेळतात, निवड चाचणी होते आणि विद्यापीठाचा १२ जणींचा संघ ठरतो. हा संघ पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशच्या विद्यापीठांशी भिडतो. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. ही वाट मधेच हिवाळी परीक्षेवर आदळते. परीक्षा द्यायची की स्पर्धा, हा प्रश्न कितीतरी मुलींपुढे येतो, आणि ज्या घरात पदवी हाच एकमेव आधार आहे तिथे त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते.

पण खरी निवड या चाचणीच्या आठ-दहा वर्षे आधी होऊन गेलेली असते. कबड्डी, खो-खो, धावणे या खेळांत आपल्या वस्त्यांमधल्या मुली दिसतात. बास्केटबॉलमध्ये फार कमी दिसतात. आवडीचा किंवा अंगच्या ताकदीचा हा प्रश्न नाही. खो-खोला मोकळी जागा आणि दोन खांब पुरतात. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटरचे सपाट, पक्के कोर्ट लागते, जमिनीपासून ३.०५ मीटरवर रिंग लागते, घसरणार नाही असा बूट लागतो. चेंडू हाताळणे आणि नेम हे दहा-बारा वर्षांच्या वयापासून रोज केले तरच अंगात मुरते. अकरावीला आल्यावर पहिल्यांदा चेंडू हातात घेणारी मुलगी कितीही चपळ असली तरी मागेच राहते.

आणि कोर्ट कुठे आहेत? कॉन्व्हेंटच्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवारात, कुंपणाच्या आत. अमरावतीला खेळाची परंपरा नाही असे कोणी म्हणणार नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला होता. पण बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या सातवीतल्या मुलीने संध्याकाळच्या सरावाला दहा किलोमीटर अमरावतीला जायचे कसे आणि अंधार पडल्यावर परतायचे कसे? बडनेरा अमरावती महानगरपालिकेतच येते. पाणी, रस्ते, नाल्या यांच्यासाठी आपण नगरसेवकाच्या दारात जातो. कोर्टासाठी आजवर किती वेळा गेलो?

अमेरिकेत १९७२ मध्ये एक कायदा झाला, टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढाच त्याचा गाभा. त्याआधी तिथे हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्याही आत होत्या, आज त्या तीस लाखांवर आहेत. मुलींना खेळाची आवड नसते असे तिथेही सांगितले जात होते. आपल्याकडे संविधानाचे कलम १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतुदीची मुभा देते, आणि कलम १५(२) सरकारी खर्चाने चालणाऱ्या सार्वजनिक जागांवर जातीची किंवा लिंगाची आडकाठी चालू देत नाही. कोर्टाच्या फाटकावर जातीची पाटी लावलेली नसते. फी, वेळ आणि अंतर ते काम बिनबोभाट करतात.

खेळाने जात आपोआप गळून पडते, ही समजूतही सोडलेली बरी. पळवणकर बाळू आपल्या काळातले थोर गोलंदाज होते, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाली. मैदानात उतरायचे ते हे डोळ्यांसमोर ठेवून.

मग उतरायचे कशाला? एक तर खेळण्याचा आनंद आपल्या मुलींच्याही वाट्याला यावा म्हणून. पुण्याची शिरीन लिमये ज्या संघात होती, त्या भारतीय संघाने २०१७ मध्ये बंगळुरूला आशियाई स्पर्धेच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. तो सामना शाळकरी मुलींना एकदा दाखवावाच. दुसरे कारण पोटाचे आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतले पहिले तीन क्रमांक पात्रतेत धरले जातात. म्हणजे फलाटावरच्या त्या १२ मुलींपैकी काहींचे पुढचे आयुष्य एका सामन्यावर ठरू शकते. गंमत बघा, हीच रेल्वे मार्च २०२० मध्ये बहुतेक प्रवास सवलती थांबवून बसली आणि राष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्या खेळाडूची ७५ टक्क्यांची सवलतही त्यात गेली.

कार्यकर्त्यांनी लगेच हाती घ्यावीत अशी दोन-तीन कामे आहेत. प्रत्येक महाविद्यालय प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क घेते. त्यातून मुलींच्या संघांवर किती खर्च झाला, हे अनुदानित महाविद्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारता येते. सार्वजनिक पैशाने बांधलेली कोर्ट संध्याकाळी दोन तास परिसरातल्या शाळकरी मुलींना खुली करावीत आणि तिथे महिला प्रशिक्षक असावी, ही मागणी महापालिकेकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. आणि ज्या मुली आज खेळत आहेत त्यांनी प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपावे, त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी वेळेत करून घ्यावी. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून तपासणी कडक आहे, आणि भरतीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करून हा कागद हाती येत नाही.