सराफ्याची सेकंड शिफ्ट

गेल्या डिसेंबरात कामासाठी इंदूरला जाणं झालं. सातला काम आटोपलं, बरोबरचे दोघे विमानानं परत गेले आणि मी एकटाच उरलो. एकट्यानं जेवायला जायचा मला भयंकर कंटाळा. "कितने लोग?" या प्रश्नाला "एक" म्हणताना उगाच अपराधी वाटतं, आणि मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला नको म्हणून मोबाइल चाळत बसायचं. त्यापेक्षा रिक्षा केली, राजवाड्यापाशी उतरलो आणि सराफ्यात शिरलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री आठच्या सुमारास पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात, ते पार मध्यरात्र उलटेपर्यंत. गल्ली जागी राहिली तर चोरांची धास्ती नाही, म्हणून सराफांनीच म्हणे ठेले लावू दिले. एकच जागा, दोन शिफ्टा! आमच्या भाषेत टाइम-शेअरिंग.

मग काय, सुरुवात भुट्ट्याच्या कीसपासून. पाठोपाठ तळलेला गराडू, वर मसाला आणि लिंबू. शिकंजी मागवली ती लिंबाचं सरबत समजून. हातात आलं घट्ट, सुक्यामेव्याचं दूध! एका बंद पेढीच्या पायरीवर टेकलो. शेजारी एक आजी-आजोबा, सून आणि पेंगुळलेला नातू. मी फोनवर आईशी बोलत होतो ते ऐकून आजी म्हणाल्या, "एकटेच आलात? मग हा अर्धा जलेबा तुम्ही घ्या बरं, आमच्याच्यानं संपत नाही." होळकरांचं गाव, मराठी भेटणारच. घड्याळात पावणेबारा वाजले होते. मुली घोळक्यानं हिंडत होत्या आणि कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

आता मुद्द्याचं. मागच्याच महिन्यात पुण्यात आमच्या सोसायटीत एक अर्ज फिरला: गेटबाहेरची अंडा-भुर्जीची गाडी हटवा. कारणं नेहमीचीच. वास, कचरा, 'नको ते लोक'. मी सही केली. वाचलंही नाही नीट. आठवड्याभरात गाडी गेली. आता रात्री अकराला कोपरा इतका सुनसान असतो, की आमच्या टीममधली मुलगी कॅबमधून उतरली की गेटपर्यंत फोन कानालाच लावून चालते. त्या गाडीवाल्याचा पेट्रोमॅक्स आणि चार गिऱ्हाइकं हीच आमची सिक्युरिटी होती, हे मला इंदूरच्या त्या पायरीवर कळलं. जेन जेकब्झ या बाईंनी १९६१ सालीच पुस्तकात लिहून ठेवलंय, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते तिथल्या लोकांचे डोळे. आम्ही ते डोळेच हाकलले.

सराफ्यात सगळं आलबेल आहे असं नाही. गल्ली अरुंद, उकळतं तेल, गॅसचे सिलिंडर. आगीची भीती खरी आहे आणि तिची काळजी करणारा सराफ चुकीचा नाही. पण त्यावर उपाय नियम आहेत: ठेल्यांची संख्या, त्यांच्यातलं अंतर, वेळ, कचरा. कचऱ्याचं म्हणाल तर हेच शहर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, रात्री एवढं खाऊनसुद्धा! आणि फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहेच. तो त्यांना नुसतं हटवायला सांगत नाही, जागा नेमून द्यायला सांगतो.

असो. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. 'सही मागे घेतो' असं म्हणायची काही सोय असते का, माहीत नाही. पण गाडी परत आणा, वेळ ठरवा, डस्टबिन आम्ही देऊ, एवढं मी बोलणार आहे. लोक हसतील. हसू देत.

तो भुर्जीवाला आता कुठे उभा राहतो, ते मात्र आधी शोधायला हवं.