अपुऱ्या दिवसांची लेकरं आणि आईचा अभ्यास



परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मुली आता आपल्या वस्त्यांतून गल्लोगल्ली दिसतात. कोणी ए.एन.एम. होते, कोणी तीन वर्षांचे जी.एन.एम. पुरे करते. नोकरी लागते, लग्न होते. चार-पाच वर्षे वॉर्डात राबल्यावर तिच्या लक्षात येते की पदवी असल्याशिवाय वरच्या जागेचा दरवाजा उघडत नाही. मग ती पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घालते. पण शिकण्याचे हे वय आणि लेकुरवाळेपणाचे वय एकच असते. त्यातून बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, तर घरातून आणि शेजारातून एकच सल्ला ऐकू येतो, "कोर्स सोड." आज आम्हाला या सल्ल्याविषयीच बोलायचे आहे.

सदतीस आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ हे अपुऱ्या दिवसांचे. आपल्याकडे अजूनही जुन्या बाया सांगतात की सातमाशी बाळ जगते, आठमाशी जगत नाही. यात काडीचेही तथ्य नाही. आईच्या पोटात बाळ जितके आठवडे जास्त राहील तितके त्याच्या हिताचेच असते. अशा बाळाला अंगाची ऊब टिकवता येत नाही, ओढून दूध पिता येत नाही आणि जंतूंशी झुंजायची ताकद कमी असते. ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात आणि वेळच्या वेळी तपासणी ही त्याची खरी औषधे आहेत. गंडादोरा आणि नजर उतरवणे यांची त्याला गरज नाही.

आता आमच्या ओळखीच्या एका घरची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण तिथे आपल्यातल्या कोणाचेही नाव घालता येईल. ही भगिनी जी.एन.एम. झालेली, नवरा टेम्पो चालवणारा, घरात सासूबाई आणि चार वर्षांची थोरली मुलगी. पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना ३२व्या आठवड्यात तिला जुळे झाले. थोरला दीड किलोचा, धाकटा एक किलो तीनशे ग्रॅमचा. वार्षिक परीक्षा महिन्यावर आलेली. तीन आठवडे बाळे रुग्णालयाच्या नवजात कक्षात राहिली आणि घरी आली, तेव्हा सासूबाई, नणंद आणि नवरा यांचे एकमत झाले की शिक्षण आता बंद करावे. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सगळे घाबरलेले होते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. वस्तीतले अर्ज आमच्याकडे लिहायला येतात. तसा हाही आला : "कौटुंबिक अडचणीमुळे अभ्यासक्रम सोडण्यास परवानगी मिळावी." आम्ही म्हटले, "ताई, हा अर्ज पाच मिनिटांत लिहून होईल. आधी हिशेब मांडू."

वहीच्या पानावर तिच्या दिवसाचे चोवीस तास मांडले. दर दोन तासांनी दूध, म्हणजे दिवसाच्या १२ पाजण्या, दोन बाळांच्या मिळून २४. एकीला २० मिनिटे धरली तरी ८ तास गेले. कॉलेज आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिके ७ तास, जाण्यायेण्याचे २, अभ्यासाचे २. झाले १९. उरले ५. त्या पाचात झोप, आंघोळ, स्वयंपाक, धुणी, थोरलीची वेणी-फणी आणि दवाखान्याच्या फेऱ्या. हा हिशेब जुळणे शक्यच नव्हते. पण वही नीट पाहिली तर दोष कॉलेजचाही नव्हता आणि बाळांचाही नव्हता. खर्चाची प्रत्येक रक्कम एकाच नावावर पडली होती. घरात कर्ती माणसे तीन, हाकेच्या अंतरावर नणंद, पण खातेदार एकच!

मग एकेका नोंदीवर बोट ठेवून आम्ही विचारले, हे काम आईवाचून कोणालाच जमणार नाही काय? असे काम एकच निघाले, दूध येण्याचे. बाकी सगळी कामे दुसऱ्याच्या नावावर चढवता येण्यासारखी होती.

दुधाचेही पाहा. आईने हात साबणाने धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध पिळून ठेवले, तर झाकण लावून थंड जागी ते साधारण चार तास टिकते, फ्रीजमध्ये एक दिवस. देताना ते गॅसवर तापवू नये, भांडे कोमट पाण्यात धरावे. बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने आजी ते बाळाला घोट-घोट पाजू शकते. बाटली नको, घुटी नको, मधही नको. ज्या आईला सुरुवातीला दूध पुरत नाही तिच्या बाळासाठी काही मोठ्या रुग्णालयांत दुधाच्या पेढ्या आहेत. आशियातील अशी पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात सुरू झाली.

आता उबेविषयी. कोलंबिया देशात बोगोटा शहरातील एका रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तेव्हा १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारू जसे पिलू पोटाच्या पिशवीत ठेवते तसे, म्हणून तिला कांगारू पद्धत म्हणतात. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज जगाने मान्य केली आहे. भारतासह पाच देशांत झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर अशी ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यूचे प्रमाण चतुर्थांशाने कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की ही ऊब दिवसातून किमान ८ तास, आणि जमेल तितकी जास्त द्यावी.

आणि बंधूंनो, आपण ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की ही छाती बापाचीही चालते, आजीची चालते, आत्याचीही चालते. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट ठेवावा. त्याला छातीवर उभे, मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळे असे धरावे. वरून मऊ कापड गुंडाळावे आणि आपण पाठीला उशी लावून रेलून बसावे. खोकला-सर्दी असलेल्याने मात्र जवळ जाऊ नये. त्या घरात नवऱ्याने टेम्पो लावून, आंघोळ करून रात्री नऊ ते एकची पाळी घेतली. पहिल्या दिवशी गडी लाजला. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितले, "हा माझ्या अंगावर लगेच झोपतो." त्या चार तासांत आई झोपली. बाळंतिणीला सलग चार तास झोप मिळणे ही चैन नव्हे. तिचे दूध, तिचे मन आणि तिचा अभ्यास त्यावरच उभा असतो.

सासूबाईंशी बोलणे अवघड जाईल असे वाटले होते. त्यांना बाळांना रोज तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायचे होते, शेक-शेगडी आणि धुरी द्यायची होती. आम्ही म्हटले, "मावशी, तुम्ही पाच लेकरं वाढवलीत, तुमचा अनुभव मोठा. पण ही बाळे अजून पोटातच असायची होती. धुराने त्यांचा श्वास अडेल, न्हाण्याने ती गार पडतील. वजन वाढेपर्यंत डॉक्टर सांगतील तसे ओल्या फडक्याने पुसून घ्या." मावशींनी ऐकले, आणि बोंडल्याने दूध पाजण्याचे काम त्यांच्याइतके हळुवार दुसऱ्या कोणाला जमले नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जन्म ३४ आठवड्यांपूर्वीचा असेल किंवा जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर बाळाच्या डोळ्यांची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. फारच लहान बाळांची त्याहून लवकर. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि बाळ कायमचे आंधळे होऊ शकते. बाहेरून पाहून हे कळत नाही. डोळे टपोरे, सुंदर दिसतात. पण वेळेवर ध्यानात आले तर लेसरने दृष्टी वाचते.

त्या घरात या तपासणीचा दिवस आणि तिच्या परीक्षेच्या पेपराचा दिवस एकच आला. डोळ्यांचे डॉक्टर तिथे आठवड्यातून एकदाच येत. पेपर सोडावा की तपासणी पुढे ढकलावी, असा पेच पडला. तिने एकटीने तो पेच सोडवायचा म्हटले असते तर दोहोंपैकी काहीतरी बुडालेच असते. पण नवऱ्याने खाडा केला. एक बाळ त्याच्या छातीशी, दुसरे नणंदेच्या, पिळून ठेवलेले दूध पिशवीत आणि डिस्चार्जचे कागद खिशात, असे ते दोघे निघाले. ती पेपराला गेली. धाकट्याच्या डोळ्यांत दोष दिसला. पुढच्या फेऱ्यांत तो वाढला आणि वेळेतच लेसर झाले. आज तो दिव्याकडे पाहतो, आईकडे पाहून हसतो.

कागदपत्रांचेही दोन शब्द. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांचे तास पूर्ण शंभर टक्के भरावे लागतात. तिची हजेरी ८० टक्क्यांच्या वर होती. म्हणून सोडण्याच्या अर्जाऐवजी दुसराच अर्ज गेला : परीक्षेस बसू द्यावे, राहिलेली प्रात्यक्षिके नंतर भरून घ्यावीत. सोबत बाळांचे डिस्चार्ज कार्ड जोडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे आणि हजेरीतील सवलतीचे नियम करण्यास सांगितले आहे, तोही उल्लेख अर्जात केला. कॉलेजने अर्ज मान्य केला. आमचा अनुभव असा की तोंडी विनंतीचे उत्तर तोंडीच "नाही" असे येते. अर्ज लेखी द्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि नेण्या-आणण्याचे वाहन मोफत आहे. ही सोय २०११ मध्ये पहिल्या ३० दिवसांपुरती होती, पुढे ती वर्षापर्यंत वाढवली गेली. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळ पाहते, तिला दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढेनासे झाले, गार पडले, मलूल झाले किंवा भराभर श्वास घेऊ लागले, तर रात्र असो की अमावस्या, तडक रुग्णालय गाठा. लस बाळाच्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. वाढ मोजताना मात्र अपुरे आठवडे वजा करावेत. ३२व्या आठवड्यात जन्मलेले बाळ कागदावर नऊ महिन्यांचे असेल तर ते सात महिन्यांच्या बाळासारखे वागेल. "अजून बसत कसा नाही?" असे विचारून आईला रडवू नका.

१९२८ मध्ये कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणातील विश्रांतीचा भार एकट्या स्त्रीवर पडू नये, मालकाने आणि सरकारने तो उचलावा, ही त्यामागची भूमिका. त्याचा कायदा १९२९ मध्ये झाला. आपण त्याचा अभिमान बाळगतो, तो बाळगावाच. पण मालकाने भार उचलावा असे म्हणणाऱ्या आपल्या घरात नवरा, दीर, सासरा आपापला वाटा उचलतात काय? हा प्रश्न आम्ही आमच्यासह सर्वांनाच विचारतो.

त्या भगिनीचा एक विषय राहिला, तो तिने पुढच्या खेपेस काढला. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारच्या दोन तासांसाठी महिला मंडळातील दोघीजणी आळीपाळीने येतात, हात धुऊन बाळे घेतात, आणि ती विहाराच्या अभ्यासिकेत जाऊन बसते. थोरलीला शेजारच्या काकू बालवाडीत सोडतात. तिचा थकवा संपलेला नाही, पैशांची ओढाताणही संपलेली नाही. पण वहीतल्या नोंदी आता पाच नावांवर आहेत.

तेव्हा महिला मंडळांना आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या वस्तीत कोणी आई शिकत असेल, तिचे बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर बारशाची गर्दी पुढे ढकला आणि तिच्या घरी एक कोरी वही घेऊन जा. कोणते काम कोणाचे, ते घरच्यांसमोर लिहून काढा. "कोर्स सोड" म्हणण्याआधी प्रत्येकाने त्या वहीत आपल्या नावापुढे किती तास लिहिले आहेत ते पाहावे. उद्या हीच मुलगी एखाद्या नवजात कक्षात उभी राहील आणि दुसऱ्या कोणाच्या दीड किलोच्या बाळाला बापाच्या छातीशी बांधायला शिकवील.

जयभीम!