आधी आमच्या गाडीखाली

सांगलीत माझं इंडक्शन शेगड्या आणि वेल्डिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करायचं दुकान आहे. लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. गाडी इलेक्ट्रिक, हँड कंट्रोल बसवलेली. गेल्या पावसाळ्यात एका चार्जिंग स्टेशनवर कुबडी सावरत केबल ओढताना ओल्या फरशीवर पडलो. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो: बिनतारी चार्जिंग आपल्याकडे येईल तेव्हा पहिल्यांदा दिव्यांगांच्या राखीव पार्किंगमध्ये बसवा.

‘ही चैन आहे, वीज वाया जाते,’ असं उत्तर मिळतं. असं म्हणणाऱ्यांनी एकदा इंडक्शन शेगडी उघडून बघावी; तत्त्व तेच. घरातली ५० हर्ट्झची वीज आधी डीसी होते, मग आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच तिला सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा उलटसुलट करतो आणि कॉइलवरचं भांडं तापतं. गाडीसाठी भांड्याच्या जागी दुसरी कॉइल येते आणि वेग ८५ किलोहर्ट्झच्या आसपास जातो. खरी अडचण अंतराची. शेगडीवरचं भांडं थोडं वर उचललं तरी ती बझर वाजवून थांबते. इथे तर जमिनीतली कॉइल आणि गाडीच्या पोटाखालची कॉइल यांत दहा ते पंचवीस सेंटिमीटर मोकळी हवा. म्हणून दोन्हीकडे कपॅसिटर लावून, जुन्या रेडिओवर स्टेशन पकडायचो तसा, सूर जुळवावा लागतो. गाडी चार बोटं बाजूला लागली की तो सूर सरकतो, आणि त्याला क्षणोक्षणी धरून ठेवणं हे वीज उलटसुलट करणाऱ्या कन्व्हर्टरचं काम. मधे पडलेलं नाणं तापायच्या आत ओळखायचं, तेही त्याच यंत्रणेकडे. हे सगळं जमतं. दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ साली रस्त्याखालच्या कॉइलवर बस धावल्या.

राहिला वाया जाण्याचा मुद्दा. बिनतारी चार्जिंगच्या एसएई जे २९५४ या मानकात, नीट लागलेल्या गाडीत किमान ८५ टक्के वीज पोचली पाहिजे असं धरलं आहे; चांगल्या यंत्रणा नव्वदीपुढे जातात. केबलच्या वाटेवरही कन्व्हर्टर असतोच, तोही तापतो. उरलेल्या थोड्या टक्क्यांच्या बदल्यात मला पावसात केबल ओढावी लागणार नाही. माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे.

हायवेवरच्या झटपट चार्जिंगसाठी मी हे मागत नाही. दवाखाना, कचेरी, नाट्यगृह, जिथे गाडी दोन-तीन तास उभी राहते, तिथे व्हीलचेअरच्या खुणेखाली एकेक कॉइल पुरे. पुढच्या चाकाला टेकेल असा सिमेंटचा ठोकळाही घाला. गाडी पुढेमागे बरोबर जागी थांबेल. डावीउजवीकडची चार बोटं कन्व्हर्टर सांभाळेल.